आधी चांगलं हलवा

घोडेगावपासनं शिंगणापूरपर्यंत गाडीला व्याक्स मारावं तर ह्या बबननंच, हे मी छाती ठोकून सांगतो. आता त्या रस्त्याला व्याक्स मारनारा मी एकटाच हुतो, ही गोष्ट येगळी.

पन राव, आज जे सांगतोय ना — परवाच्या अमावास्येपर्यंत ह्यातलं एक अक्षर कुनाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई. मालकाला तर न्हाईच. शनिदेवाम्होरं उभा राहिलो आन् मनात हे आलं, की मी लगीच मोठ्यानं जयजयकार करतो — न जानो देवाला ऐकू जायचं.

कुठनं सुरू करू? बाटलीपासनं? थांबा, आधी गयाक्का सांगतो. ती कळली न्हाई तर बाटली कळून काय उपेग?

आमचं वॉशिंग सेंटर. धुतलेली गाडी पुसायचं काम गयाक्काचं, मग तिच्यावर व्याक्स मारायचं काम माझं. गयाक्का पन्नाशीची. लिंबाखाली सावलीत तिचं ठरलेलं स्टूल, आन् तीन फडकी — एक पान्याचं, एक काचेचं, आन् तिसरं शेवटचा हात फिरवायचं. ते तिसरं ती घरी न्यायची, धुवून वाळवून, घडी घालून आनायची. आमाला हात लावू द्यायची न्हाई. नंबरप्लेटच्या मागं पान्याचा थेंब घावला तर असं बघायची, जसा घरात चोर घुसलाय. आता आमच्याकडं घराला दारं न्हाईत, चोराचं भ्या न्हाई — पन थेंबाला तिनं कधी माफी दिली न्हाई. गिऱ्हाईक म्हनायचं, "पुसनं आक्काचंच." माझ्या व्याक्सचं नाव कुनी घेतलं का? न्हाई. खोटं कशाला बोलू, ते मला टोचायचं.

आता बाटली.

मी शाळेत गेल्तो, पन छपरावर कौलं टाकायला. वाचता येत न्हाई. तर व्याक्सची पैली बाटली आली तवा गाडी धुवायला आलेल्या एका गुरुजींच्या हातात दिली, म्हनलं बघा काय लिवलंय. गुरुजींनी चष्मा नाकावर घेतला आन् म्हनले, "वापरण्याआधी चांगलं हलवा." बाटली माझ्या हातात दिली आन् गेले निघून.

हलवा. बरं. पन काय हलवा? हे इचारायला तोंड उघडलं असतं तर काय झिजलं असतं? पन न्हाई. मी इचार केला — व्याक्स कशाला लावायचं? गाडीला. मग काय हलवायचं?

गाडी.

हसा, हसा. राव, मी सहा वर्सं गाडी हलवली. चावी मागून घ्यायची, दोन हात फुडं, दोन हात मागं. "चांगलं" म्हनल्यात म्हनून आनि एकदा फुडं. मग ब्रेक दाबून खाली उतरायचं, आन् बाटली — ती बिचारी जागची हालायची न्हाई — तिच्यातलं वरचं पातळ पानी फडक्यावर घ्यायचं. तळाला घट्ट गोळा राहायचा, तो नासला म्हनून मी उकिरड्यावर टाकायचो. म्हंजे खरं व्याक्स उकिरड्याला आन् पानी गाडीला. आमचा उकिरडा पावसात कसा निथळायचा म्हनता!

तरी गाड्या चमकायच्या. का? गयाक्कानं पुसलेल्या असायच्या म्हनून. हे मला तवा कळत हुतं का? थोडं थोडं कळत हुतं.

मग एक दिवस श्रीरामपूरच्या एका दागतरांची गाडी आली. काळी कुळकुळीत, नवी. पोरीच्या साखरपुड्याला चालल्ते. नेमकी बाटली सपलेली, नवी आलेली न्हाई, तळाला तेवढा गोळा. दागतरांना घाई. मी म्हनलं, नासलं तर नासलं, आज तेच मारू. गाडी सावलीत हुती, गयाक्का पुसून बाजूला झालती. मी नेमाप्रमानं गाडी हलवली — थेट भर उनात. पत्रा तव्यासारखा तापला, आन् मी त्याच्यावर खरवसावानी तो गोळा बोटानं थापला. वाळला. पुसाया गेलो तर निघंना. घासलं तर आनि पसरला. काळ्या बॉनेटवर पांढरं कोड फुटल्यागत झालं!

दागतरीनबाई रडायच्या बेतात. मालक पळत आला. समद्यांनी माझ्याकडं बघितलं. आन् माझ्या तोंडातनं — मी ठरवलं न्हवतं, पन निघालं ते माझ्याच तोंडातनं — "गयाक्काचं फडकं वलं हुतं. वल्या पत्र्यावर व्याक्स बसत न्हाई."

बघा, एवढंच वाक्य.

गयाक्कानं घडी केलेलं तिसरं फडकं उचललं आन् मालकाम्होरं धरलं. म्हनली, हात लावून बघा, म्हंजे कळंल. मालकानं लावला न्हाई. दुसऱ्या दिशी तिला खड्ड्यात धाडलं — गाडीच्या पोटाखालचा चिखल धुवायला. दिवसभर डोक्यावरनं गढूळ पानी. तिची तिन्ही फडकी माझ्या हातात आली, आन् स्टूल बी. मी त्या स्टुलावर बसलो. बसलो, राव.

तवा मला वाटलं, फडकं खरंच वलं आसंल. असं मानसाला वाटवून घेता येतं. पन म्हैनाभरानं नव्या बाटल्या घेऊन कंपनीचा मानूस आला. मालक घोडेगावच्या बाजारात म्हैस बघायला गेल्ता. त्या मानसानं बाटली कानाशी धरून खळाखळा हलवली आन् म्हनला, खाली गाळ बसतो, आधी हलवायची. मग सावलीत, गार पत्र्यावर, पातळ हात. मी त्याच्या हातातल्या बाटलीकडं बघत राहिलो. सहा वर्सांत किती गोळे उकिरड्यावर टाकले, ते मोजाया लागलो.

मग सांगितलं का मी? छ्या! दुसऱ्या दिवसापासनं मोरीत जाऊन चोरून बाटली हलवायला लागलो. आन् भाईर आल्यावर चारचौघांत गाडी हलवायची, ती चालूच ठिवली. का? एकदम बंद केली तर लोक इचारतील ना! त्या गाडी हलवन्याचं तर लई नाव झालं. लांबनं दर्शनाला आलेल्या एकानं हात जोडून इचारलं, हा इथला काय रिवाज हाय का? म्या म्हनलं, व्हय, इथं असंच असतं. शेजारी दुसरं सेंटर निघालं, तिथं बी आता गाडी हलवत्यात.

आन् खड्ड्यात गयाक्का. आज दोन वर्सं. माझ्या व्याक्सला आता खरी चकाकी येती, मालक पावन्यांना माझ्याकडं बोट दाखवतो. त्याच वक्ताला खालनं पान्याचा आवाज येत आसतो.

परवा अमावास्येची गर्दी सरली. मालक तिकडं खुर्चीत बसून गल्ला मोजत हुता. गयाक्का खड्ड्यातनं वर येऊन कडेला चा पीत बसल्ती. पाय पान्यात राहून पांढरे फटक, सुरकुतलेले. मी म्होरं जाऊन उकिडवा बसलो आन् समदं सांगितलं. गुरुजी, हलवा, गोळा, मोरी. काय बी राखलं न्हाई. सांगता सांगता मधीच मलाच हसू आलं, तिला आलं न्हाई.

तिनं चा सपवला. कप उपडा ठिवला.

"मला कशाला सांगतो रं? फडकं कोरडं हुतं, हे मला त्याच दिशी ठावं हुतं. ज्याला ठावं न्हाई, तो बघ तिकडं खुर्चीत बसलाय. ऊठ."