उन्हात बसू नकोस, एवढंच

६ मे. चीक गाळून ठेवला, उद्या कुरडया घालायच्या आहेत. हात धुऊन लिहायला बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि दुकानात दिवसभर आम्ही शेजारी शेजारी उभे असतो.

सोलापुरात आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. कुठली गोळी जेवून घ्यायची, कुठली घेऊन गाडी चालवायची नाही, कुठली चालू असताना उन्हात जायचं नाही — मला पाठ आहे. अनोळखी माणसालाही दोनदा बजावते. मग घरच्या पोरीला का नाही सांगितलं? विसरले असेन, असं तुम्हाला वाटेल. विसरले नव्हते.

अश्विनी माझ्या नणंदेची मुलगी, वैरागची. बरीच वर्षं झाली, तिची तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. आमच्याकडे राहून नर्सिंग करायचं, एवढ्यावर तिनं आईला कसंबसं आणलं होतं. त्या उन्हाळ्यात आली तेव्हा गालभर मुरमं. मीच दुकानातून डॉक्सीसायक्लिन आणून दिली — डॉक्टरला न विचारता. रोज एक, जेवून, भरपूर पाण्याबरोबर, म्हटलं. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं.

पण गहू भिजत घातलेला होता. तो तीन दिवस भिजला, वाटून चीक निघाला, की थांबता येत नाही, आंबतो. माझी कंबर धरलेली. गच्चीवर बसणार कोण? म्हटलं, कुरडया होऊ देत, मग सांगू.

दिवसभर कुरडया घालून पहिल्या संध्याकाळी ती गच्चीवरून उतरली, म्हणाली, तोंड चुरचुरतंय. ऊनच तसं आहे, ओढणी घे, मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी कुरडया उलटायला पुन्हा तिलाच वर पाठवलं. हे लिहितानाही थांबावंसं वाटतंय — पण पाठवलं.

चेहरा लालभडक सुजला. हातांवर फोड आले. नणंद धावत आली, बघितलं आणि ठरवूनच टाकलं — पोरीनं चोरून गोरं व्हायचं क्रीम फासलंय. "शहरात आली न् याड लागलं हिला," म्हणाली, आणि त्याच गालावर मारलं.

"म्या कायबी लावलं न्हाय," अश्विनी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मामी, त्या गोळीनं तर न्हाय ना झालं?"

तिला सुचलं होतं, बघा.

"गोळीनं कुठं तोंड भाजतं का?" मी म्हणाले.

का म्हणाले? कारणं आहेत. ती सांगून काय होणार?

डाग वर्षभरानं गेले. नर्सिंग राहिलं ते राहिलंच. डोळ्याआड ठेवली की असलं करती, असं नणंदेनं मनात धरलं. अश्विनी आता कुर्डुवाडीला नांदते. पोराला ताप आला की मला फोन करते — मामी, कुठली गोळी देऊ? तिचा अजून माझ्यावर विश्वास आहे.

त्या थपडेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी भरली. उरलेल्या गोळ्या काढून घेतल्या, भाजल्यावरचं मलम ठेवलं. स्टँडवर नणंदेनं माझा हात धरला, "वहिनी, तुमी होता म्हणून." दोघी एसटीत चढल्या. अश्विनी खिडकीशी बसली, ओढणीत तोंड गुंडाळून. मी खालून, नणंदेला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "आता तरी ते क्रीम लावू नकोस."