कार्बनचा भाव ठरेपर्यंत थांबा

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, तरी सांगतो. माणसानं स्वतःच्या हुशारीवर किती भाळावं, याला काही हद्द असते. मी ती पौडच्या अलीकडे एका गावात, भाड्याच्या खोलीत बसल्या बसल्या ओलांडली!

मी मूळचा परभणीचा. नोकरी हिंजवडीत, वीजप्रकल्पांत पैसा घालणाऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात. माझं काम काय? तर सरकार म्हणतं, कारखान्यांना आता सोडलेल्या कार्बनची किंमत मोजावी लागेल. किती? ते पक्कं नाही. भाव चढा राहिला तर सौरऊर्जेची चांदी, पडला तर कोळसाच बरा. मग पैसेवाला विचारतो, घालू की थांबू? आणि मी चाळीस पानं लिहून सांगतो, थांबा! पगार मिळतो बरं का याचा.

राहायला तात्यांच्या घराची वरची खोली. तात्या म्हणजे घरमालक, गावातले जुने शेतकरी. खोली स्वस्त, हवा छान, आणि बोलायला कुणी नाही. ऑफिसातून आलो की भात लावायचा, मोबाईलमध्ये बघत जेवायचं, आडवं व्हायचं. रविवारी दुकानात "एक बिस्किटचा पुडा द्या" म्हणालो, की दिवसभराचं बोलणं संपलं. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटायचं. कधी कधी तर ग्राहक सेवा केंद्राचा फोन आला तरी मी तो लांबवायचो.

असं दीड वर्ष गेलं आणि एका संध्याकाळी तात्या जिना चढून दारात उभे!

"सायेब, त्या सोलरवाल्यांचा एजंट आलता. आमचा वरचा माळ भाड्यानं मागतुया. तुमी त्याच लायनीत हाय न्हवं? काय करावं म्हन्ता?"

मी चहा टाकला. आणि असा काही सुटलो म्हणता! कार्बन, टन, भाव, पार युरोपापर्यंत जाऊन आलो. शेवटी म्हणालो, "घाई नको तात्या. आधी कार्बनचा भाव ठरू द्या. थांबा."

"कदी ठरंल?"

"सांगता येत नाही. उद्या या, बघू."

उद्या या! जो भाव ठरायला वर्षं लागतील तो उद्या काय ठरणार होता, कपाळ? पण तात्या खरंच आले. येताना भावकीतल्या बबननानांना घेऊन आले, कारण माळात त्यांचाही वाटा. मग हे रोजचंच झालं. मी चहाचं मोठं पातेलं आणलं, सतरंजी आणली, भिंतीवर एक आलेखसुद्धा चिकटवला. नाना बसता बसता विचारायचे, "ठरला का वो भाव?" मी गंभीर चेहऱ्यानं "नाही अजून" म्हणायचो आणि मनातून इतका खूश व्हायचो की विचारू नका. कारण भाव ठरला की ही माणसं यायची बंद होणार, एवढंच मला दिसत होतं. सगळं उद्योगजगत पक्क्या धोरणासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि मी एकटा हात जोडून म्हणत होतो, देवा, असंच लोंबकळत राहू दे!

तीन महिने हा दरबार चालला. मग एक दिवस आमच्या मॅडमनी माझ्यापुढे फाइल टाकली.

"आपल्या क्लायंटनं मुळशीतली एक साइट सोडली. जमीनमालक हलायलाच तयार नाहीत. एजंट म्हणतो, गावात कुणी तज्ज्ञ राहतो, तो रोज लोकांना बसवून थांबा, थांबा सांगतो. कोण मूर्ख आहे तो? नावासकट रिपोर्ट दे."

गावाचं नाव वाचलं, तर ते आमचंच! अनिश्चितता असली की गुंतवणूक कशी पळून जाते, यावर मी आजवर पानंच्या पानं खरडली होती. इथे ती मी स्वतः, चहा पाजून, पळवून लावली होती!

"मॅडम, तो मूर्ख मीच."

त्यांनी फाइल आणखी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "बरं झालं. रिपोर्ट लवकर होईल."

त्यांचं एक वेळ निभावेल हो, पण तात्यांचं काय? पडीक माळाचं घरबसल्या येणारं भाडं माझ्यामुळे गेलं. सांगावं, तर ही माणसं पुन्हा जिना चढणार नाहीत. न सांगावं, तर कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर बसू?

त्या संध्याकाळी सांगून टाकलं. "तात्या, नाना, तुमचं भाडं कार्बनच्या भावावर अडायचं काही कारणच नव्हतं. मी उगाच थांबवलं तुम्हाला, आणि ती कंपनी निघून गेली. मला... सोबत हवी होती."

तात्यांनी बशी खाली ठेवली, नानांकडे पाहिलं, आणि दोघं असे हसत सुटले की नानांना ठसका लागला.

"अवो सायेब, माळ द्यायचा न्हाई, ह्ये आमचं कवाच ठरलं हुतं! गुरं चारायची कुटं? त्यो एजंट पाठ सोडंना, म्हून तुमचं नाव पुढं केलं. आमचं सायेब थांबा म्हणत्यात, म्हणलं की त्यो गप!"

"मग रोज येत होता ते?"

तात्या जरा घुटमळले. "त्ये व्हय... आमची मंडळी म्हणली, वरच्या खोलीत मानूस हाय का न्हाई त्येच कळंना. कदी आवाज न्हाई, कदी कोन पावना न्हाई. जाऊन बसत जा जरा. आता जायचं तर कायतरी इचारायला नगो? म्हून माळाचं इचारलं."

तीन महिने मी समजत होतो, अख्खं गाव माझ्या सल्ल्यावर थांबलंय. माझं कुणी ऐकतच नव्हतं. डोळे भरून आले, ते लाजेनं की कशानं, मलाही कळेना.

"मग आता येणार नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"येतो की! न यायला काय झालं?" नाना उठता उठता म्हणाले. "फकस्त येक करा, सायेब. त्या कार्बनचं तेवढं बंद करा. आमी लई सोसलंय!"