मुकुट खायचा असतो

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आई गेली. ती गॅसपाशी होती. मी मुलाला नाचणीचं सत्त्व भरवत होते. तळमजल्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि वेळ लिहिली. गॅस कुणीतरी बंद केला. मुलाने वाटी संपवली.

आई माझ्या बाळंतपणासाठी नोएडाला आली होती आणि परत जायचं विसरली होती. म्हणजे तिने विसरल्यासारखं दाखवलं आणि आम्ही विश्वास ठेवल्यासारखं. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आणि मी एका संस्थेच्या ग्रंथालयातून रजेवर. अशा घरात आई विसरभोळी असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. पुण्याच्या माझ्या दादाला दहा दिवस, शिवाय वर्षभर सण नाही. मी चौथ्या दिवशी सकाळी रीतसर मोकळी झाले. आमच्या ग्रंथालयात पुस्तक परत करायलासुद्धा चौदा दिवस मिळतात. हा नियम ज्यांनी केला त्यांना बहुधा मुलगी नसावी, किंवा असली तरी तिच्याशी बोलणं नसावं.

त्या दिवशी गॅसवर पाक होता, कारण आई हलवा करत होती. इथे हा शब्द उच्चारला की शेजारच्या आंटींच्या डोळ्यांपुढे गाजर येतं, त्यामुळे मी त्यांना कधीच नीट समजावू शकले नाही की माझी आई तिळावर चमचा चमचा पाक सोडून त्याला काटा आणते, मग त्या दाण्यांचे दागिने करते, आणि ते दागिने बोरनहाणाला बाळाच्या अंगावर घालतात. "और फिर?" त्यांनी विचारलं होतं. फिर, बच्चे खा जाते हैं. 

दिल्लीबद्दल आईने एकच गोष्ट चांगली सांगितली होती. इथल्या थंडीत हलव्याला काटा छान येतो. बाकी हवा, पाणी, भाजीवाला, लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणणारी माणसं, सगळं तिने नापास केलं होतं. ती संक्रांतीच्या दोन महिने आधी कामाला लागली, कारण घरात रांगणारं मूल असलं की कोणतंही हातकाम चौपट वेळ खातं, आणि आमच्याकडे एक रांगणारं आणि एक प्रश्न विचारणारं होतं. ती गेली तेव्हा बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात तीन गोष्टी तयार होत्या: मुकुट, बासरी आणि एक बाजूबंद. दुसरा बाजूबंद नुसता पुठ्ठा होता.

हातकाम मीही करायचे. करायचे म्हणजे सुरू करायचे. कपाटाच्या वरच्या फळीवर माझ्या छंदांचं दफन झालेलं आहे. पहिल्या बाळंतपणात घेतलेली क्रोशाची सुई, तिला लटकलेला टोपीचा एक कान. दोऱ्यांच्या गाठी मारून भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू. मुलीने ती केस म्हणून विंचरली. पुस्तकं बांधायचा संच; त्यातली खळ मुलाने चाखली आणि त्याला आवडली. दुपारी दोघं एकदम झोपली तर मला चाळीस मिनिटं मिळत. त्यातली वीस मी काय करावं याचा विचार करण्यात घालवायचे आणि उरलेली वीस पुस्तक वाचण्यात.

"तुझे छंद बघितले की मला ते सरकारी पूल आठवतात," आई म्हणायची. "दोन्ही बाजूंनी खांब, मधे काही नाही."

"तुला वेळ मिळतो, आई."

"मला वेळ मिळतो? अगं, तू आणि तुझा दादा दोघं माझ्या मांडीवर असताना मी दागिने केलेत. एक दाणा दागिन्याला, एक तुमच्या तोंडात. गप बसायचात."

हे मी नेहमी पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकलं. आई काय करते हे मी आयुष्यभर पाहिलं, पण कसं करते हे कधी पाहिलं नाही.

डिसेंबरात सासूबाईंचा नाशिकहून फोन आला. "मी जानेवारीच्या दहा तारखेला येतेय. बोरनहाण करू."

मी म्हटलं, आई जाऊन महिनाच झालाय.

"तुझ्या दादाकडे वर्ष पाळतील. तू आमच्याकडची. तुला कसलं वर्ष? आणि विहीणबाईंनी दागिने कशासाठी केलेत, बघायला?"

मग दादाचा फोन आला. तो म्हणाला, बोरनहाण पाच वर्षांपर्यंत कधीही करता येतं, यंदाच कशाला? मी तीन दिवसांत मोकळी झाले म्हणून त्याला वाईट वाटत होतं, जणू मी ओळखीने सुटून आले होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "यार, मला यात घेऊ नका. तू म्हणशील ते बिलकुल बरोबर." सरकारी नोकरीत माणूस हे वाक्य पहिल्या वर्षीच शिकतो.

मला काय हवं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला बोरनहाण नको होतं, पण त्याचा सुतकाशी काही संबंध नव्हता. मला मुकुट ठेवायचा होता. आईने हाताने केलेली शेवटची वस्तू ती. मी काचेच्या खोलगट फ्रेमची मापंसुद्धा काढून ठेवली होती. बोरनहाण म्हणजे लूट. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या, पोरांनी तुटून पडायचं, आणि शेवटी बाळाच्या अंगावरचे दागिनेही ओरबाडून खायचे. आईचा मुकुट मी आमच्या टॉवरमधल्या पोरांच्या दातांखाली देणार नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शाळांना धुक्याची सुट्टी असताना, मी डबा उघडला. समोरून मुकुट जसाच्या तसा होता. उलटा केला तर मागच्या तीन ओळी गायब. काळा पुठ्ठा आणि दोऱ्याचे रिकामे फास.

मुंग्यांनी समोरचे दाणेही सोडले नसते. मी मुलीला हाक मारली. ती आली, डबा पाहिला आणि लगेच म्हणाली, "मी नाही."

"काय नाही?"

"जे तू विचारणार आहेस ते."

"मुकुटाचा हलवा तू खाल्लास?"

"सामने से नहीं खाया," ती म्हणाली. घाबरली की ती हिंदीत जाते. "पीछे से खाया. दिसत नाही."

यात नियोजन होतं हे मला मान्य करावं लागलं. पण मी तेव्हा मान्य केलं नाही. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. आजीचं शेवटचं, कळत नाही का, वगैरे. ती रडली, तिला पाहून मुलगा रडला, आणि मग मीही रडले, जे मी आईच्या तेराव्यापर्यंत पुण्याला दादाकडे असताना सगळ्यांसमोर नीट करू शकले नव्हते. तिथे लोक वाट पाहत होते. इथे कुणी वाट पाहत नव्हतं म्हणून जमलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुरुस्तीला बसले. आईने करून ठेवलेला सुटा हलवा बरणीत होता. दाण्याला सुई जात नाही, तो फुटतो. दोऱ्याच्या फासात बसवावा लागतो, आणि तो फास कसा आवळायचा ते मला येत नव्हतं. मग मी गरम डिंकाची पिचकारी, म्हणजे ग्लू गन, मागवली. दहा मिनिटांत घरी आली. नोएडात हातकाम सोडून सगळं दहा मिनिटांत येतं. मुकुटाला हात लावायच्या आधी सराव म्हणून दुसऱ्या बाजूबंदाचा पुठ्ठा घेतला. मुलगा पाठुंगळीला, एका हातात पिचकारी, मुलगी दोन फुटांवर, रुसून. दाणा ठेवायचा, थेंब सोडायचा, फुंकर मारायची. दोन दुपारीत बाजूबंद झाला. आयुष्यात मी पूर्ण केलेली ती पहिली वस्तू, आणि ती दिसायला तोंड आलेल्या जिभेसारखी होती.

सासूबाई आल्या. गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा, पण त्यांनी आधी मुलाला घेतलं, मग चहा घेतला, मग डबा मागितला. आईची बासरी उजेडात धरून बघितली. "हात होता विहीणबाईंचा," म्हणाल्या. मग माझा बाजूबंद उचलला, नखाने दाणा खरवडला, आणि नाकाशी नेला.

"हे काय लावलंयस?"

"डिंक."

"खायचा?"

"चिकटवायचा."

"अगं, दाताशी धरेल तो! हा बाळाच्या अंगावर घालायचा नाही. या डिंकाने दाराला तोरण लाव, नाहीतर फरशी बसव." मग मुकुट उलटा केला. "आणि हा कुणी खाल्ला?"

मुलगी पडद्यामागे गेली. मी मग सगळंच सांगून टाकलं. फ्रेमचंही.

सासूबाई ऐकत राहिल्या. "फ्रेममध्ये," त्या म्हणाल्या. "साखर आहे गं ती, ताम्रपट नाही. पावसाळ्यात पाणी सुटेल आणि काचेतून चिकट ओघळ बघत बसशील." मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पण आई तुझी. ठेवायचा तर ठेव. मी सक्ती करणार नाही. दुकानातला आणू एखादा."

त्यांनी सक्ती केली असती तर मला भांडता आलं असतं. आता ते माझ्यावर आलं.

दुपारी मी मुलीला जवळ घेतलं. माफी मागायला मला पुस्तकी वाक्यं सुचतात आणि ती तिला कळत नाहीत, म्हणून मी नुसतं विचारलं, "तू दाणा काढलास कसा? दोरा तर कुठेच तुटलेला नाही."

"तोडायचा नाहीच," ती म्हणाली, माझ्या अज्ञानाचं नवल वाटून. "आजी म्हणाली होती, गाठ तोडायची नाही, सोडवायची. इधर से खींचो, ये ढीला होता है, फिर दाना बाहर. मग परत लावायचा."

"परत?"

"परत लावता येतो. मी लावायचे. आजी दहा लावायची, मी एक लावायची, मग एक खायचा. पण नंतर आजी नव्हती ना, तर मी फक्त खायचं काम केलं."

मी तिला म्हटलं, दाखव. तिने बरणीतून दाणा घेतला, दोरा दोन बोटांवर गुंडाळला, एक टोक खालून घातलं आणि ओढलं. दाणा बसला. नऊ-दहा सेकंदांचं काम. मी केलं तर दाणा उडून सोफ्याखाली गेला आणि मुलगा त्याच्यामागे रांगत गेला.

"मम्मा, तू पुस्तक बघितल्यासारखं बघतेस," ती म्हणाली. "हाताकडे बघ."

तीन दुपारी आम्ही मागच्या ओळी भरल्या. ती दहा लावायची, मी एक. खाण्याचा हक्क तिने मलाही दिला, पण दाणा नीट बसला तरच. माझ्या तोंडात पहिल्या दुपारी एकही गेला नाही. आईच्या ओळी सरळ होत्या, आमच्या ओळी पहिलीतल्या मुलाने फळ्यावर लिहिल्यासारख्या वर चढत गेल्या होत्या. बाजूबंद एकच राहिला. सासूबाई म्हणाल्या, कृष्णाने दुसरा गोपीला दिला असं सांगू.

फ्रेमचा विचार मी सोडला ते कोणत्या क्षणी, मला सांगता येणार नाही. फक्त तिसऱ्या दुपारी, शेवटचा फास आवळताना, मला वाटलं की काचेमागे ठेवला तर मुलगी रोज त्याच्यासमोरून जाईल आणि तिला माझं ओरडणं आठवेल. आजी नाही आठवणार. मी दादाला फोन केला आणि बोरनहाण करतेय असं सांगितलं. त्याने आधी वेळ विचारली. मग म्हणाला, "फोटो पाठव." मग म्हणाला, "काटा आलाय का नीट?"

संक्रांतीला मुलगा काळं झबलं घालून पाटावर बसला. आदल्या संध्याकाळी खाली लोहडीची शेकोटी झाली होती, त्यामुळे पोरं आधीच रेवड्यांनी पेटलेली होती. आंटी दोन नातवंडं घेऊन आल्या, टॉवरमधली आणखी पाच-सहा आली. सासूबाईंनी मापट्याने बोरं ओतली. मुलाने आधी ओठ काढला, मग एक बोर पकडलं आणि रडायचं विसरला. मग मुलगीच पुढे झाली, त्याच्या डोक्यावरून मुकुट उचलला आणि जाहीर केलं, "ये मेरी आजी ने बनाया है. धागा मत खाना."

मी घड्याळ पाहिलं नाही, पण चार मिनिटंही लागली नसतील. आंटींच्या नातवाने दोरा खाल्लाच. सासूबाईंनी आईच्या ओळीतला एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो चघळला नाही, चावला. आत तीळ होता.

आता फेब्रुवारी संपत आलाय. मुकुट खाल्ला गेला, बासरी मुलाने चोखून संपवली, आईचा बाजूबंद मुलीने रीतसर, गाठी सोडवून, आठवडाभर पुरवून खाल्ला. बरणी रिकामी आहे. घरात हलव्याचा एकच दागिना उरलाय. तो मी चिकटवलेला आहे आणि खाता येत नाही.