मोहन परब आणि कंपन्यांचा पुरस्कार

मोहनच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होते. "नलू, हे गेले गं... उठवायला गेले तर..." झारी तिथेच टाकून मी निघाले. मुलुंडहून नाहूर ते कितीसं लांब, पण त्या दिवशी रिक्षा पोचता पोचेना. सगळं आटोपून घरी आले, फोन हातात घेतला, तर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेच्या ग्रुपवर मोहनचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'उद्योगाचा सच्चा मित्र हरपला.' तोवर मी रडत होते. ते वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. आठवड्याभरात संघटनेच्या चिटणिसांचा फोन आला. मोहनच्या नावाने पुरस्कार ठेवायचा आहे, दरवर्षी नियामकाच्या, म्हणजे कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका अधिकाऱ्याला कंपन्या तो देतील, शोकसभेत जाहीर करू, वहिनींची संमती तेवढी घ्यायची आहे आणि तुम्ही दोन शब्द बोला. मी हो म्हटलं. काय बोलणार ते मात्र सांगितलं नाही.

आम्ही दोघं इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. दोघांचेही वडील गिरणीत, दोघांचीही गावं कोकणात. पुढे तो सरकारी नोकरीतून दूरसंचार नियामकाच्या मुंबईतल्या कार्यालयात गेला आणि मी एका मोबाइल कंपनीत. माझं कामच मुळी त्याच्यासमोर बसून कंपनीची बाजू मांडण्याचं. बैठकीत तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला साहेब. नवा नियम करण्याआधी नियामक सगळ्यांच्या हरकती मागवतो. ती मुदत चालू असेपर्यंत मोहन माझ्या घरचा चहा प्यायचा नाही. गणपतीला यायचा, हात जोडायचा, प्रसाद कागदात बांधून घ्यायचा आणि खुर्चीला पाठ न टेकताच निघायचा. माझी सासू म्हणायची, "हा मुलगा रागावलाय का आपल्यावर?" मुदत संपली की मात्र दारातूनच ओरडायचा, "चाय ठेव गो नलू!" मग तासभर कंपन्यांना शिव्या. मला धरून.

त्याचं आणि कंपन्यांचं खरं बिनसलं ते नेटवर्कच्या चाचणीवरून. सगळ्या कंपन्यांचे फोन एका गाडीत लावायचे, ते सतत कॉल लावत राहणार, आणि कॉल टिकला तर नकाशावर हिरवा ठिपका, तुटला तर लाल. गाडीत नियामकाची माणसं आणि कंपन्यांची माणसं शेजारी शेजारी बसायची, म्हणजे नंतर कुणाला तक्रारीला जागा नको. फक्त गाडी कुठून जाणार हे कंपन्यांना आधी कळवायची जुनी पद्धत होती. मग काय, तपासनीस येणार म्हटल्यावर शाळा फळा धुऊन ठेवते, तसे त्या रस्त्यावरचे टॉवर झकास ठेवले जायचे. एका सकाळी कंपनीतर्फे मीही गाडीत होते. घाटकोपरला बसल्या बसल्या मोहनने आधी कळवलेल्या रस्त्याचा कागद घडी करून खिशात टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मी सांगतो तसं चल."

गाडी टेकडीवरच्या वस्तीत शिरली, तिथून देवनारला कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडच्या मागे. नकाशा लालभडक झाला. एका गल्लीत गाडी अडकली, तर एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "फोनवाले ना तुम्ही? सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तर मी नाक्यापर्यंत धावले फोन लावायला. वाट लागली आमची." मोहन म्हणाला, "मॅडम, नोंद घ्या."

मीही गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, "साहेब, इथे टॉवरला जागा कोण देतं? जागा मिळाली तर परवानगी अडते."

"ते लिहून द्या. मी स्वतः दिल्लीला पाठवतो. ठिपका मात्र लालच राहणार."

आणि पाठवलंही त्याने! आमचं म्हणणं रास्त आहे, असा स्वतःचा शेरा मारून. लाल ठिपक्यांचा अहवालही तसाच गेला. कंपन्यांनी मिळून त्याची वर तक्रार केली. उद्योगासोबत काम करण्याची याची वृत्ती नाही, असं. बढती लांबली. मी त्याच्यावर चिडले, "थोडं सांभाळून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?" तो हसला. "टॉवर काय मी उभारणार आहे? कंपन्यांशिवाय माझं पान हलत नाही, म्हणून तर त्यांच्यासोबत बसतो. पण शेजारी बसवलं म्हणून स्टिअरिंग द्यायचं नसतं गो."

शोकसभा अंधेरीतल्या एका हॉटेलात होती. प्रत्येक जण उठून त्याला मित्र म्हणत होता. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मोहन तुमचा मित्र नव्हता. माझा होता, आणि मीसुद्धा त्याला कधी विकत घेऊ शकले नाही. तुम्ही त्याची तक्रार केलीत, ती तरी प्रामाणिक होती. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच हातून अधिकाऱ्यांनी बक्षिसं घ्यायची, आणि तीही त्याच्या नावाने? जिवंतपणी तो तुमच्या बाजूला आला नाही. आता त्याला ओढू नका." टाळ्या कसल्या वाजतात! चिटणीस माइककडे धावलेच. "भावना समजू शकतो... पण वहिनींची संमती असेल तर..."

सुनंदा उठली. तिला माइकची गरज पडली नाही. "नाव द्यायचं नाय," ती म्हणाली आणि पर्स उचलून चालू लागली.

परवा तिच्याकडे गेले होते. मोहनच्या खोलीत आम्ही पहिल्यांदाच दोघी बसलो. दर वर्षाअखेरीस कंपन्यांची गुळगुळीत, रंगीत कॅलेंडरं यायची आणि तो ती आल्या पावली परत पाठवायचा. भिंतीवर नाक्यावरच्या वाण्याचं साधं कॅलेंडर आहे. तारखांखाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, गॅस, दूध, सुनंदाचे डोळे. महिना बदलला तरी तिने पान उलटलं नव्हतं. माझ्यासमोर उठली, उलटलं. पुढच्या पानावर नियामकाच्या कंपन्यांसोबतच्या बैठकीची तारीख गोल करून ठेवली होती. मी तर त्याच्याआधीच निवृत्त झालेली, मला आता तिथे कुणी बोलावत नाही. पण ती बैठक साध्या ग्राहकांनाही खुली असते. मी जाणार आहे, आणि या वेळी कंपन्यांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहे.