कानबाईचे रोट आणि आमची ओवी

आज आमच्याकडे कानबाईचे रोट होते. खानदेशातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: कानबाई ही आमची देवी, आणि तिच्या रोटाचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, स्वयंपाक फक्त भाऊबंदांनी खायचा. घासभरही बाहेर जाऊ द्यायचा नाही. सासूबाई सकाळपासून डोळ्यात तेल घालून बसलेल्या.

दुपारी बेल वाजली. समोरच्या वहिनी आमचीच ताटली साखर घालून परत द्यायला आल्या होत्या. "पुरणपोळी काय मऊ झालीय हो! आमच्या पिहूने दोन खाल्ल्या."

कसंबसं हसून दार लावलं.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माय वं! रोट बाहेर गया!"

आमची चार वर्षांची ओवी म्हणाली, "मी दिल्या. वाटून खावं, असं तूच सांगतेस ना, आई?"

आता रागवू तरी कशी? म्हटलं, "अगं, आजचं फक्त घरच्यांनी खायचं असतं."

"पण पिहू तर रोज आपल्याकडेच जेवते."

मी सरळ स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायला घेतली. मग तिने तेच बाहेर बसलेल्या आजीला जाऊन सांगितलं.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं, खरंच सांगा. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज अजून आलेला नाही.