घोडीची गिऱ्हाइकं

घोडी विकायची म्हणून मोबाइलवर तिचा फोटो टाकला आणि सकाळपासून नुसता वैताग. ‘घोडि हाय का’, ‘फायनल बोला’. ज्याला दोन शब्द नीट लिहायचा कंटाळा, तो रोज तिचे खूर काय साफ करणार? मी एकेकाला बाद करत गेले.

दुपारी मात्र एक देखणा निरोप आला. काना, मात्रा, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. ‘आदरणीय ताई, आपली घोडी सुंदर आहे. वरातीत डीजेसमोर नाचते का? नसल्यास, चाबकाने शिकवून घेऊ.’

मोबाइल ठेवून तबेल्यात गेले. घोडीने रोजच्यासारखा माझा तळहात हुंगला आणि विश्वासाने मान खांद्यावर टेकली. तिची पारखही माझ्याइतकीच कच्ची. मी तिला विकायला काढलीय, हे काही तिला वासावरून कळलं नाही.