पंच्याखालचं बोलणं

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बन्सी दलाल म्हणजे बोलणारी बोटं. तोंडानं तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा, कुणाच्या लेकीचं बाळंतपण कुठवर आलं ते विचारायचा, आणि खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकून आतल्या आत बोटं दाबून म्हशीचा भाव ठरवून मोकळा व्हायचा. भोवती माणसांचा गराडा, पण आत काय चाललंय ते दोघांशिवाय तिसऱ्याला कळेल तर शपथ! हिरव्या रंगाचा फेटा, पन्नाशीचं वय, आणि आवाज असा की पलीकडच्या रांगेतली कालवड दचकावी.

असा हा बन्सी एके दिवशी घरात शिरला तो पुढं कित्येक बाजार दिसलाच नाही. त्याच्या आईला, रतनबाईला, लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं तर पारच गेलं. कळायचं सगळं. डोळे असे टकटकीत, की सून भाजीत मीठ कमी टाकतीय हे खाटेवरूनच ताडायची. पण सांगणार कशी? नगरच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा सगळं करणं सुनेवर पडलं. ज्योतीनं केलंही मनापासून. पण एकटीनं काखेत हात घालून सासूला वर ओढायला गेली आणि तिच्याच कमरेत अशी उसण भरली की तीही आडवी. झालं! एका घरात दोन खाटा, आणि मध्ये उभा हिरव्या फेट्याचा बन्सी.

"बायकांचं काम बन्सीला जमतंय व्हय?" शेजारच्या पुंजारामनं ओट्यावर बसून विचारलं. सकाळचा चहा तो रोज इथंच प्यायचा. स्वतःच्या घरचा त्याला गोड लागत नसे.

"म्हशीचं बाळंतपण केलंय म्या. आई काय जड हाय?" बन्सी म्हणाला खरा, पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नव्हतं.

आरोग्य केंद्रातली रुपाली सिस्टर आली, तिनं शिकवायला सुरुवात केली. आधी साबणानं हात, कोपरापर्यंत. कोमट पाणी, मऊ फडकं. तोंड पहिलं, खालचं सगळ्यात शेवटी, आणि पुसायचं ते पुढून मागं, उलटं नाही. काखेत, मांडीच्या घडीत पाणी राहू द्यायचं नाही, टिपून कोरडं करायचं. माणूस ओढायचा नाही, खालच्या चादरीसकट कुशीवर वळवायचा, पाठीमागं उशी, गुडघ्यांमध्ये उशी. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीवर लाल डाग दिसला तर चोळायचं नाही, त्या जागेवर भार टाकायचा नाही आणि तिला कळवायचं.

"तेल लावून रगडू का?" बन्सीनं उत्साहानं बाह्या वर केल्या.

"बन्सीभाऊ, बैल न्हाई तो! कातडं सोलून निघंल."

बन्सी शिकला. भराभर शिकला. पाठ कोरडी, चादर ताणलेली, नखं कापलेली. स्वतःच्या कामावर तो इतका खूश झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला आईची पाठ दाखवायची इच्छा व्हायची त्याला. एकच गोष्ट बिनसली. रतनबाईनं पाणी बंद केलं.

भाकरी-दुधाचा काला चार घास घ्यायची, पण पाण्याचा चमचा ओठाला लागला की दात घट्ट. बन्सी विनवायचा, रागवायचा, देवाची शपथ घालायचा. दात उघडतील तर ना! लघवी कमी झाली, कोऱ्या चहासारखी काळपट झाली, वास मारू लागली. मग ताप चढला. आणि एका सकाळी रतनबाई गोधडीचे दोरे वेचू लागली, पोराकडं बघितलं तर जणू परका माणूस.

धाकटी बहीण केशरबाई कर्जतकडून टेम्पोत बसून आली ती दारातूनच रडत. "आक्कानं अन्नपानी सोडलं गं बाई! बन्सी, ही वाट धरल्याची खूण हाय. आपल्या आईनं असंच केल्तं. बोलवून घे सगळ्यांना. आता जबरी करू नगं तिला."

आणि बघा गंमत, इतकी शहाणी माणसं, पण सगळ्यांना पटलं. म्हातारं माणूस पाणी सोडतं ते जायचं ठरवूनच, ही समजूत इकडं इतकी मुरलेली, की बन्सीनंसुद्धा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. पुंजाराम हळूच कुणाकुणाला फोन लावायला बाहेर गेला.

तेवढ्यात रुपाली आली. जीभ बघितली, कोरडी खडखडीत. हातावरचं कातडं चिमटीत धरलं, ते तसंच उभं राहिलं. चादरीवरचा काळपट ओला डाग बघितला आणि ओरडलीच, "कुनाला बोलवताय? गाडी बोलवा! मावशी, ह्या जायला निघाल्या न्हाईत, ह्या तहानल्यात!"

मग जी धावपळ झाली! जीप आली, चादरीसकट चौघांनी रतनबाईला उचललं, केशरबाई रडणं तिथंच अर्धवट सोडून पिशवी भरायला लागली. दवाखान्यात सलाईन, तपासण्या, औषधं. लघवीच्या जागी जंतू झाले होते, अंगातलं पाणी पार आटलं होतं. हळूहळू ताप उतरला, आणि रतनबाईनं पोराकडं बघून डाव्या हातानं त्याचा वाकडा फेटा सरळ केला. बन्सी तिथंच वॉर्डात ढसाढसा रडला.

घरी सोडताना डॉक्टरांनी मात्र त्याला बाजूला घेतलं. "पाणी पोटात गेलं पाहिजे. नाहीतर पुन्हा हेच होईल, आणि पुढच्या वेळेला एवढं सोपं जाणार नाही. लघवी फिकट होते का, तेवढं बघत राहा."

घरी आले. पाण्याचा चमचा पुढं केला. दात घट्ट!

"आई, का गं माझा जीव खाती?" बन्सी कपाळाला हात लावून बसला.

तेव्हा ज्योती दुसऱ्या खाटेवरून, कमरेला पट्टा बांधलेली, हळू बोलली. "अवो, तुमाला कळतंय का काही? मी चमचा धरला की आत्याबाई दोन घोट घेत्यात. तुमी धरला की न्हाई. पानी पिलं की लघवी. लघवी झाली की चादर ओली. चादर ओली झाली की पुसायला तुमी. पोटचं पोरगं! वर मावशी बसलेल्या, शेजारी बसलेले. जीव नकोसा होत असंल त्यांना."

बन्सीनं मान वळवली. आईकडं बघितलं तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलेलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी. म्हणजे सून बोलली ते खरंच! आई मरायला नव्हती निघाली, पोरासमोर ओलं व्हायला लाजत होती.

तो एकदम ताडकन उठला.  खांद्यावरचा पंचा काढला, खाटेच्या कडेला बसला, आईचा डावा, धडधाकट हात हातात घेतला आणि वर पंचा टाकला.

"आई, बाजार भरलाय. ऐक. हे एक बोट दाबलं तर पानी. दोन बोटं दाबली तर भांडं पायजे. मूठ आवळली तर कुठंतरी दुखतंय. वरून कुनाला दिसनार न्हाई, मावशीला न्हाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांना न्हाई. तू आधी सांगितलंस की लोकांना मी घालवतो, ज्योती पडद्यामागं सगळं करील, मी नुसतं उचलून धरीन, तोंड भिंतीकडं. मंजूर?"

रतनबाई बघत राहिली. उभा जन्म तिनं नवऱ्याचा आणि पोराचा हा पंच्याचा खेळ लांबून बघितला होता. बाईच्या हाती तो कधी आलाच नव्हता.

"बोल, वाटीभर पानी?"

पंच्याखाली काही हललं. बन्सीच्या बोटाचं नुसतं टोक दाबलं गेलं.

"अर्धी वाटी? आई, धंद्यात बुडवतीस का मला! पाऊण तरी कर!"

टोकच दाबलं, जरा जोरात. आणि रतनबाईच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसली! लकव्यानंतर पहिल्यांदा हसली! ज्योती कमरेचं विसरून उठून बसली.

"बरं बाई, अर्धी. पन सांच्याला पुन्यांदा बसायचं सौद्याला." त्यानं उशा लावून आईला बसतं केलं, हनुवटी जराशी खाली, आणि डाव्या गालाकडून चमचा चमचा पाणी पाजलं. एक घोट खाली गेला की मगच दुसरा. ठसका नाही, घाई नाही. अर्धी वाटी संपली तेव्हा बन्सीच्या कपाळावर घाम होता.

मग वाट बघणं. केशरबाई उशाला बसून गावाकडच्या भांडणाची हकीकत सांगत होती. बन्सी पंच्याखाली हात देऊन हूं हूं करत होता. आणि अचानक दाबली की दोन बोटं! घट्ट!

बन्सीचा चेहरा असा झाला, जशी काही त्याच्या म्हशीनं प्रदर्शनात पहिला नंबर काढला. पण जीभ आवरली त्यानं. "मावशी, बाहेर म्हैस सुटली वाटतं, बघ बरं पटकन!"

"अगं बया!" केशरबाई पदर खोचून पळाली. दोरीवर पडदा म्हणून टांगलेलं जुनं लुगडं सर्रकन ओढलं गेलं, बन्सीनं चादरीसकट आईला कुशीवर घेतलं, ज्योतीनं भांडं सरकवलं, पुन्हा पाठीवर टेकवलं. बन्सी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिला, एकादशी कधी ते वाचत. पुसून, टिपून, कोरडं झालं. चादरीवर एक थेंब नाही!

"म्हैस तर बांधलेलीच हाय की रं!" केशरबाई धापा टाकत आली.

"व्हय का? मग मलाच भास झाला."

पंच्याखाली आईनं त्याचा हात चिमटला. ह्या खुणेचा अर्थ काही ठरलेला नव्हता, पण त्याला कळला.

त्यानंतर रोज सौदा बसू लागला. अर्धीची पाऊण झाली, पाऊणची भरलेली वाटी झाली. रतनबाई अशी घासाघीस करायची की बन्सी ज्योतीला म्हणाला, "ही बाजारात आली असती तर मला कुनी इचारलं नसतं." ज्योतीनं हात धुता धुता उत्तर दिलं, "मग येऊ द्यायची हुती की." मूठ आवळली तेव्हा टाचेवरचा लाल डाग सापडला, रुपालीला लगेच कळवलं आणि टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी ठेवली. लघवीचा पुन्हा काळपटलेला रंग तांबूस झाला, तांबूस पिवळा झाला. रोज सकाळी भांडं उजेडात धरून बन्सी रंग बघायचा, सोनार सोनं बघतो तसं.

आणि एका सकाळी पडदा बाजूला सारून तो भांडं घेऊन बाहेर आला तो धावतच. उन्हात धरलं. फिकट, लिंबाच्या सरबतासारखं स्वच्छ! डॉक्टरांनी म्हटलं होतं अगदी तसं! मग कुठलं गुपित आणि कसलं काय, तोंड गेलंच उघडं.

"पुंजाराम! आरं बघ, बघ की! कसा झालाय रंग!" त्यानं भांडं थेट ओट्यावर बसलेल्या पुंजारामच्या नाकासमोर नेलं.

"आरं ए बन्स्या!" पुंजाराम बशी सावरत मागं सरकला. "मी च्या पितोय ना!"

घरातून आधी ज्योतीचं हसू ऐकू आलं. आणि मग डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर वाटी आपटल्याचा आवाज, ठण् ठण् ठण्. पोराला रागवायला असेल, नाहीतर आज स्वतःहून पाणी मागायला असेल.

बन्सी साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आत पळाला.